जनकाबाईची दहाची दाळ

जनकाबाई खरातच्या दुकानात आधी अपमान मिळतो, मग सामान. नव्या माणसाला याचा राग येतो. पण अमडापूरच्या पुढे सहा किलोमीटर आत असलेल्या बोरजवळ्यात नवा माणूस येतो तरी कशाला? जुन्यांना सवय झाली आहे. एखाद्या दिवशी जनकाबाईने निमूटपणे साखर बांधून दिली, तर गिऱ्हाईक घरी जाऊन सांगतं, "बाईची तब्येत बरी नाई वाटते."

वय अठ्ठावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या चष्म्याच्या वरून सगळ्या जगाकडे बघण्याची एक खास नजर. या नजरेतून कोणी सुटलेलं नाही. पंख्याच्या वाऱ्याने उडून जाईल इतकी हलकी शाम्पूची पुडी काढणारी कंपनी सुटली नाही. टीव्हीवर अर्धी वाटी तुपात भाजी परतून 'झटपट पौष्टिक' म्हणणारी बाई सुटली नाही. आणि दुकानाच्या ओट्यावर गेली तीस वर्षं बिनपगारी सल्लागार म्हणून बसलेले तिचे यजमान जानराव तर सुटूच शकत नव्हते. जानरावांच्या सल्ल्याने आजवर एकदाच खरेदी झाली होती. ती छत्र्यांची. त्या वर्षी पाऊस आला नाही. छत्र्या अजून माळ्यावर आहेत.

मात्र या तोऱ्याच्या खाली जनकाबाईचा एक कायदा होता आणि तो सगळ्या गावाला पाठ होता. उधार फक्त चुलीवर चढेल त्याचीच. दाळ, तेल, मीठ, ज्वारीचं पीठ, अंडी, शेंगदाणे यांना उधारी. कुरकुरे, थंडा, सुपारी-तंबाखूचा खर्रा, मोबाईलचं रिचार्ज यांना रोख. सरपंचाच्या जावयाला एकदा थंड्याची बाटली उधार हवी होती. जनकाबाईने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "फोडणी देतं का याले?" जावई परत सासुरवाडीला आला तो दिवाळीलाच.

आता हा कायदा चालवायचा तर दाळ दुकानात असायला लागते. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. चिखलीचा ठोक दुकानदार जनकाबाईला आठ दिवसांची उधारी द्यायचा. नवव्या दिवशी त्याचा फोन यायचा, आणि पैसे मिळेपर्यंत नवी दाळ बंद. इकडे जनकाबाईची गिऱ्हाइकं म्हणजे निंदण-खुरपणाला जाणाऱ्या बाया. पोळा झाला की शेतातली कामं आटपतात आणि सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, येईपर्यंत हाताला काम नसतं. तो सगळा भादवा बाया उधार नेतात आणि सोंगणी सुरू झाली की पै न् पै आणून देतात. बुडवत कोणी नाही. फक्त आठ दिवसांत देत नाहीत. ठोक दुकानदाराचे आठ दिवस आणि बायांचा सव्वा महिना, यांच्या मधे जनकाबाईचा दाळीचा डबा बसलेला.

गेल्या भादव्यात तो डबा सतरा दिवस रिकामा होता. दुकानात बिस्किटं होती, शाम्पू होता, छत्र्या होत्या. दाळ नव्हती. पलीकडच्या आळीतली भिमाबाई रोज यायची, डब्याकडे बघायची आणि मिठाची पुडी घेऊन जायची. अमडापूरला जाऊन रोखीने दाळ आणायची तर रोख कुठे होती? तिच्या घरी सतरा दिवस भाकरी आणि तिखटाचं पाणी. जनकाबाई तेव्हा दुपारीच दाराची एक फळी लावून घ्यायची आणि डोकं दुखतं म्हणून पडून राहायची. डोकं दुखत नव्हतं. "नाई" हा शब्द तिला बोलता येत नव्हता, एवढंच.

म्हणून या वर्षी 'सकस साथ' नावाची संस्था छोट्या दुकानदारांना उधारीवर माल देणार असं कळलं, तेव्हा जनकाबाईने नाक मुरडलं, पण नाव लिहिलं.

संस्था पुण्याची. तिने चिखलीच्या एका मंगल कार्यालयात दुकानदारांचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर एका ताटाचं चित्र होतं, त्यात सात रंगांचे सात पदार्थ, आणि वर लिहिलं होतं, 'आहाराचं इंद्रधनुष्य'. गोऱ्यागोमट्या एका तज्ज्ञाने तासभर समजावून सांगितलं की ग्रामीण भागातल्या लोकांना प्रथिनांचं महत्त्व माहीत नसल्यामुळे ते दाळ कमी खातात, म्हणून दुकानदारांनी जागृती करायला हवी. मधल्या सुटीत चहाबरोबर क्रीमची बिस्किटं वाटली.

"दाळ खायाले पाह्यजे हे भिमाबाईले माह्यीत नाई म्हन्ते," जनकाबाई येताना एसटीत जानरावांना म्हणाली. "हा मानूस घरी चष्मा लावून जेवत असंल. नाई तं ताट सापडत नसंल त्याले."

"बिस्किटं चांगली होती पन," जानराव म्हणाले.

जनकाबाईने खिडकीबाहेर पाहिलं. काही अपमान बोलून करायचे नसतात.

पण योजनेचं एक कलम मात्र नाकावर माशी बसू न देणाऱ्या जनकाबाईलाही पटलं होतं. दर सोमवारी टेम्पो दाळ आणणार आणि पैसे सहा आठवड्यांनी द्यायचे. सहा आठवडे म्हणजे भादवा पार. पोळ्याआधी संस्था हिशोब बघणार; दाळ खपलेली दिसली तर उधारीची मर्यादा दुप्पट, नाही दिसली तर टेम्पो बंद.

टेम्पो आला. त्याच्यासोबत संस्थेचा चंद्रशेखर आला. पोरगा मूळचा देऊळगाव राजाचा, पण नोकरी लागल्यापासून पुण्याचं बोलायचा. घाबरला की त्याची बोली मुक्कामाला परत जायची. त्याने काचेसारख्या चकचकीत, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या बंद पाकिटांची भिंत दुकानात रचली आणि जनकाबाईच्या मोबाईलमधे काहीतरी टाकून दिलं.

"मावशी, एक पाकीट विकलं की त्याच्या या काळ्या रेघांवर मोबाईल धरायचा. टुक आवाज येतो. की पुण्याला लगेच कळतं, एक पाकीट विकलं गेलं."

"पुन्याले एवढी काय घाई हाय?"

"सिस्टीम आहे मावशी."

"बरं," जनकाबाई म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ गावाला ठाऊक होता. चंद्रशेखर नवा होता.

त्याच संध्याकाळी भिमाबाई आली. "दहाची दाळ दे वं."

जनकाबाईने पाकिटांच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीने जनकाबाईकडे पाहिलं. बोरजवळ्यात जन्मापासून कोणी अर्धा किलो दाळ एकदम नेली नव्हती. लग्नाचं घर सोडून. इथे दाळ दहाची जाते, पाहुणा आला तर वीसची. पुण्यात बसून ज्यांनी अर्ध्या किलोचं पाकीट ठरवलं, त्यांच्या घरी बहुधा रोजच लग्न असावं.

तिने कात्री घेतली, पाच-सात पाकिटं फोडली, डब्यात ओतली आणि काट्यावर दहाची दाळ मोजून कागदात बांधून दिली.

इथवर कोणत्याही दुकानदाराने हेच केलं असतं. पण दुसऱ्या कोणी पाकीट फोडल्याफोडल्या टुक केलं असतं. जनकाबाईचा सचोटीचा कणा मधे आला. "फोडली म्हंजे विकली काय?" तिने जानरावांना विचारलं. "दाळ अजून माह्या डब्यात हाय. विकली म्हनून सांगू तं खोटं होते." म्हणून तिने रिकामी पाकिटं तारेच्या आकड्यात ओवून ठेवली. शनिवारी संध्याकाळी ती डब्यातली उरलेली दाळ तोलायची, किती खपली ते काढायची आणि नेमकी तेवढी रिकामी पाकिटं टुक करायची. जानराव एकेक पाकीट सरळ करून धरायचे, ती मोबाईल लावायची. टुक, टुक, टुक. तीस वर्षांत जानरावांना दुकानात मिळालेलं हे पहिलं काम. ते शनिवारी दाढी करून बसायचे.

पुण्याला मात्र वेगळंच दिसत होतं. बोरजवळा नावाच्या गावात सोमवार ते शुक्रवार एक दाणा विकला जात नाही, आणि शनिवारी सहा चाळीस ते सहा पंचावन्न या पंधरा मिनिटांत एकेचाळीस पाकिटं जातात! सलग सहा शनिवार! संगणकाला हे कळेना, म्हणून त्याने माणसांना विचारलं; माणसांना तर संगणकाइतकीही अक्कल नव्हती. ऑफिसात तट पडले. अर्ध्यांचं म्हणणं, हा ग्रामीण आहारातला एक अद्भुत प्रकार असावा, शनिवारी सामूहिक दाळ-खरेदी, यावर एक अहवाल लिहून परदेशी पाठवता येईल. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, दुकानदारीण चोर आहे. शेवटी ठरलं की मुख्य कार्यालयाच्या सुचितामॅडमनी स्वतः शनिवारी जाऊन बघावं. मॅडम दुसऱ्या तटातल्या होत्या.

पोळ्याला सहा दिवस उरले होते. पांढरी जीप दुकानासमोर उभी राहिली. मॅडम उतरल्या, चंद्रशेखर उतरला, दोघांच्या हातात मोठाले टॅब. खुर्च्या मांडून दोघं गर्दीची वाट बघत बसली.

गर्दी आली नाही. एरवी या वेळी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पण पांढरी जीप आणि हातात टॅब हे चित्र बोरजवळ्याच्या बायांना चांगलं ओळखीचं होतं. कर्जाच्या गटाचे वसुलीवाले असेच येतात. भिमाबाई कोपऱ्यापर्यंत आली, जीप बघितली आणि पदर डोक्यावर ओढून मारुतीच्या देवळामागे गडप झाली. तिच्या मागून आलेल्या चौघी तिच्या मागोमाग गेल्या. देवळामागे तेवढी गर्दी हनुमान जयंतीलाही होत नाही.

साडेसहा वाजले. रस्त्यावर एक कुत्रं सोडून कोणी नव्हतं.

"चंद्रशेखर," मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "तुमचे एकेचाळीस ग्राहक कुठे आहेत?"

"येतील मॅडम. म्हणजे डेटा तर तसंच म्हणतो."

सहा चाळीसला जनकाबाईने नेहमीप्रमाणे डबा तोलला, तारेचा आकडा खाली काढला आणि हाक मारली, "या हो इकडे. टुकटुक करू."

दाढी केलेले जानराव येऊन बसले. त्यांनी पहिलं रिकामं पाकीट सरळ धरलं. टुक. दुसरं. टुक. मॅडमच्या टॅबवर आकडा वाढायला लागला. एक. दोन. तीन. मॅडम टॅबकडे बघत होत्या, मग जानरावांकडे, मग कुत्र्याकडे.

"हे काय चाललंय?"

"विक्री," जनकाबाई म्हणाली. टुक.

"कोणाला विकताय? इथे कोणी नाहीये!"

"आता काऊन असंन? दाळ तं गेली. मंगळवारी गेली, बुधवारी गेली. खाऊन हात धुतले लोकाईनं. हा हिशोब हाय, मॅडम. पाकीट फोडून दाळ डब्यात टाकतो, दहा-दहाची विकतो, आन जेवढी गेली तेवढं तुमाले शनिवारी कळवतो. एक पाकीट इकडचं तिकडं नाई."

चंद्रशेखरचा चेहरा पिठासारखा झाला. "मावशी, हे काय करून राह्यल्या तुमी! पाकीट फोडता येत नाई! करारात लिव्हलं हाय!" बोली देऊळगाव राजाला पोचली होती.

मॅडमनी टॅब मिटला. त्यांचा आवाज थंड होता आणि त्यात थोडा विजयही होता. बंद पाकीट ही योजनेची मूळ अट. सुटी विक्री म्हणजे करारभंग. शिवाय स्वच्छता, शिवाय विक्रीची खोटी वेळ. "सोमवारपासून टेम्पो येणार नाही. जे घेतलंय त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे भरा."

जनकाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते इतकं झकास होतं की गावाने ते दहा वर्षं सांगितलं असतं. त्यात पाकीट होतं, पुणं होतं, आणि पाकीट पुण्याला नेऊन नेमकं कुठे ठेवायचं याचा पत्ता होता. तिने चष्मा वर सरकवला. तोंड उघडलं.

तेवढ्यात जानराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हळूच खाकरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सल्ला दिला नाही, आणि तोच उपयोगी पडला. पोळा सहा दिवसांवर. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून भादवा.

जनकाबाईने ते झकास उत्तर गिळलं. एरंडेल गिळताना करतात तसं तोंड करून गिळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी एक तास थांबा. जीप शाळेकडे लावून द्या आन तुमी दोघं आत, त्या पडद्यामागं बसा. एक तास. मंग काय बंद करायचं थे करा. मी बोलनार नाई." जरा थांबून, जसा दात उपटावा तसा तिने पुढचा शब्द काढला. "इनंती हाय."

जानरावांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

मॅडमना का कोण जाणे, नाही म्हणवलं नाही. जुन्या लुगड्याच्या पडद्यामागे लाल मिरच्यांच्या दोन गोण्या होत्या. एकीवर मॅडम बसल्या, दुसरीवर चंद्रशेखर. ड्रायव्हर जीप घेऊन गेला.

पाच मिनिटांनी देवळामागचं मंडळ सुटलं. पुढे भिमाबाई.

"गेले का वं वसुलीवाले?"

"गेले. तुह्या घरचं काय पोत्यात भरून नेतील? चार भांडे हायत घरी, त्यातलं एक माह्यं. काय पाह्यजे?"

"दहाची दाळ. पैसे सोंगनीले."

"मी इचारलं का पैसे? कालच तं दहाची नेली, येवढ्यात सरली? घरी कोन आलं?"

"छकुली आली मायेरी. सातवा लागला."

"सातवा लागला आन दहाची दाळ नेऊन राह्यली! चौघाईत दहाची! पोरीले काय वास घ्यायले देतं का? वीसची ने. आन दोन अंडे ने. आन तोंड वर करून नाई म्हनू नको, मी आंधी सांगून ठेवतो."

"अंड्याचे पैसे लय होतीन वं…"

"तुले सोंगनीत हात हायत ना दोन? मंग काऊन रडतं? निंघ."

भिमाबाई वीसची दाळ आणि दोन अंडी घेऊन निघाली, दुसरी आली, तिसरी आली. दहाची. दहाची. पाचची. प्रत्येकीला दाळीबरोबर आपापल्या हिश्शाचा पाणउतारा मिळत होता, आणि कुणाच्या घरी किती तोंडं, कुणाचं दुखतं, कुणाच्या सुनेला दूध येत नाही, हे सगळं जनकाबाईच्या त्या पाणउताऱ्यातच मोजलेलं असायचं. इंद्रधनुष्याच्या ताटवाल्याला तासभरात जमलं नाही ते ती काट्यावर पुडी बांधता बांधता करत होती.

मधेच गावातला गोकुळ आला. अंगात नवा शर्ट, केसांना तेल. "मावशी, एक थंडा द्या. पैसे सोंगनीले देतो."

"घरी तेल हाय का?"

"संपलं सकाळीच."

"मंग थंड्यात पापड तळ," जनकाबाई म्हणाली आणि त्याच्या हातात तेलाची पिशवी ठेवली. "हे ने. हे उधार हाय. आन बायकोच्या हाती दे, सोता पिऊ नको."

पडद्यामागून जोरात शिंक आली. मिरच्यांनी आपलं काम केलं होतं. लगेच दुसरी शिंक, जरा नाजूक, पुणेरी.

दाराशी रेंगाळलेली भिमाबाई थबकली. "आत कोन हाय वं?"

"उंदीर."

"शिंकते उंदीर?"

"शहरातून आले हायत. हवा मानवली नाई."

तास भरला तेव्हा मॅडम बाहेर आल्या. डोळे लाल, नाक लाल, केसांत मिरचीचं एक बी. चंद्रशेखर अजून शिंकतच होता. मॅडमनी नाक पुसलं, डोळे पुसले. सगळं रडणं मिरचीचं होतं असं त्यांनीही म्हटलं नाही आणि जनकाबाईनेही विचारलं नाही.

"मी आज हे बंद करायला आले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण काकू, फॉर्ममधे सुटी विक्री असा रकानाच नाही. विक्रीचा प्रकार: पाकीट. एवढंच आहे. मी लिहू काय?"

"पाकिटाचं वजन लिवायची जागा हाय का?"

"आहे. अर्धा किलो."

"कोनी ठरवलं?"

मॅडमनी टॅब उघडला. बघितलं. कोणीच ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी कोणीतरी अर्धा किलो भरला आणि मग सगळ्या जिल्ह्यात तोच चालला. मॅडमनी बोटाने तो आकडा पुसला आणि त्या जागी तीस लिहिलं. त्या क्षणापासून बोरजवळ्यापुरतं सकस साथचं पाकीट तीस किलोचं झालं. गावात त्याला गोणी म्हणतात. कागदावर अटी सगळ्या पाळल्या गेल्या. मर्यादा दुप्पट झाली.

पोळ्यानंतरच्या सोमवारी टेम्पोतून गोणी उतरली. तिच्यावर काळ्या रेघांचा एकच कागद चिकटवलेला होता, एका टुकचा. जानरावांचं काम गेलं, पण ते दाढी करून बसतच राहिले.

भादव्याच्या मध्यावर चंद्रशेखरचा फोन आला. दुकानात भिमाबाई होती, आणि डब्यात अर्ध्याच्या वर दाळ होती.

"मावशी, ऑफिसमधे विचारतायत. तुमच्या गावात एक ग्राहक असा आहे जो एका वेळी तीस किलोचं पाकीट घेतो. तेही दर आठवड्याला. संगणकाने त्याला जिल्ह्यातला उत्कृष्ट ग्राहक ठरवलाय. शाल-श्रीफळ द्यायचंय त्याला. नाव काय त्याचं?"

"नाव मंग सांगीन," जनकाबाई म्हणाली. "आंधी तू मले सांग, हे दाळ कोन्या गिरनीतून उचलली तुमी? शिजाले दीड तास लागते. छकुलीची माय वैतागून गेली, सरपन पुरत नाई तिले. म्होरच्या सोमवारी लवकर शिजते थे दाळ धाड. नाई तं टेम्पो आल्या पावली वापस करीन, आन तुह्या मॅडमले सांग, मिरच्याची गोनी अजून तठीच हाय."

फोन ठेवून तिने काट्यावर वीसची दाळ टाकली, बघितली, आणि आणखी एक मूठ वर टाकली.

"येवढी कायले वं?" भिमाबाई म्हणाली.

"मापात चुकलं," जनकाबाई खेकसली. "तुह्या तोंडाकडे पाहून कोनाचंबी चुकंल. निंघ आता."